माझ्या काठावरचा पोचा

मी एक जुनी झाकणी आहे. तांब्याची, आतून कल्हई केलेली आणि मधोमध लाकडी मूठ असलेली. मूठ मूळची नाही, ती पुढे बदलली. अंग मात्र जन्मापासूनचंच आहे.

मित्रांनो, झाकणीची जीवनकथा ऐकायला बसलात म्हणजे तुम्हाला आज दुसरं काही काम दिसत नाही. असू द्या. कौतुक नेहमी पातेल्याचं होतं. "पातेलंभर रस्सा बघता बघता संपला," असं लोक म्हणतात. झाकणीभर काही संपल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही. वाढायची वेळ झाली की आधी मला उचलून बाजूला ठेवतात. मग कुणीतरी माझ्यावर ओला डाव ठेवतं आणि मांजर हळूच येऊन माझ्या कडेला लागलेलं चाटून जातं. मी ते फारसं मनाला लावून घेत नाही.

पण माझ्या काठाला एक पोचा आहे. भांडं आपटलं की पत्र्याला जो खळगा पडतो, त्याला पोचा म्हणतात. नीटनेटक्या माणसांना तो बघवत नाही. त्या पोच्यापायी आमच्या घरात एकदा काय रामायण घडलं, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

मला घडवणारा तांबट अगदी घुमा होता. "यांचं सगळं बोलणं हातोडीच करते," असं त्याची बायको म्हणायची. त्याने आधी पातेलं घडवलं आणि मग त्याच्या मापाने मला. मला पातेल्यावर ठेवायचं, फिरवायचं, कान लावायचा, पुन्हा उचलून काठावर हलकेच ठोकायचं, असं तो करत राहिला. शेवटी मी अशी बसले की हलवलं तरी आवाज नाही. झाकणी बसली की उचलेपर्यंत गप्प राहिली पाहिजे, असं त्याचं मत होतं. त्याच्या हिशेबी मी फार गुणाची निघाले.

आमची जोडी एका सुताराच्या घरी आली. त्याच वर्षी त्या घरात नवी नवरी आली होती. आज सगळे तिला थोरल्या बाई म्हणतात. तेव्हा त्या थोरल्या नव्हत्या, चांगल्या सडसडीत आणि उतावळ्या होत्या. घर गावाच्या टोकाला होतं. मागे सुतारांची कामाची पडवी, तिथे रंध्याच्या भुश्शाचा ढीग, बाजूला थोडी फळझाडं आणि भाजीचा वाफा. स्वयंपाकघराला एकच खिडकी होती. घर सुताराचं, पण लाकूड फुगून ती खिडकी हिवाळाभर उघडायची नाही. थंडी सरली, ऊन कोरडं झालं, की एका सकाळी ती आपोआप उघडायची आणि सगळ्यांना कळायचं की वसंत आला.

मग घरातली लोखंडी चूल बाहेर निघायची. दोघांनी धरून ती अंगणात झाडाखाली मांडायची, लांब टेबल आणि बाकं बाहेर आणायची, गोधड्या कुंपणावर वाळत टाकायच्या. हिवाळाभर धुराने काळवंडलेल्या आम्हा भांड्यांनाही तेव्हा उघड्यावरचं ऊन मिळायचं. झाडं पांढऱ्या फुलांनी भरलेली असायची आणि वारा आला की चार पाकळ्या माझ्यावर पडायच्या. खोटं कशाला सांगू, मला तो थाट फार आवडायचा.

अशाच पहिल्या वसंतात नव्या नवरीने टेबलावर सोललेल्या मटारची परात ठेवली होती. शेजारचा कोंबडा कुंपण ओलांडून आला आणि त्याने परातीत चोच घातली. तिच्या हाताशी मीच होते. तिने मला उचललं आणि नेम धरून फेकलं. कोंबड्याचं पीसही हललं नाही. मी जाऊन दाराच्या दगडी पायरीवर आपटले आणि माझ्या काठाला पोचा पडला.

नवं भांडं, तेही पहिल्याच वर्षी. नवरी रडायला लागली. आवाज ऐकून सुतार केसांत भुस्सा घेऊनच बाहेर आले. त्यांनी मला उलटं सुलटं करून बघितलं आणि उकळत्या पातेल्यावर ठेवलं. जन्मभर गप्प राहण्यासाठी घडवलेली मी, पोच्याच्या बाजूला डुगडुगले आणि बोलले. टक. टक टक.

"घे," सुतार म्हणाले, "हिला तोंड फुटलं."

नवरी रडता रडता हसली. सुतार म्हणाले, "उद्या तांबटाकडे नेऊन सरळ करून आणतो."

"राहू दे," ती म्हणाली. "दिवसभर घरात बोलायला कुणी नाही. तुम्ही आपले रंध्याशी बोलता. मला ही बरी."

तेव्हापासून मी बोलते आहे. पाणी नुसतं तापलं असेल तर मी गप्प असते. उकळी फुटली की माझी टकटक सुरू होते, भरभर आणि उथळ. भाजी शिजून रस्सा आटायला लागला की माझा आवाज जड होतो आणि थांबून थांबून येतो. तसा आवाज झाला की पातेलं उतरवायचं. त्याआधी उतरवलं तर भाजी कच्ची राहते, आणि नंतर उतरवलं तर बुडाला लागते. म्हणतातच, की बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचे गहूही विकले जात नाहीत. माझी तर बोलायला लागल्यावरच घरात किंमत वाढली.

मुलं झाली, मोठी झाली. मोठी मुलगी, तिला सगळे ताई म्हणतात, लहानपणी टाळूला जीभ लावून माझी हुबेहूब नक्कल करायची आणि आईला फसवून चुलीकडे पळायला लावायची. धाकटा मुलगा उशिरा घरी आला की फाटकातूनच विचारायचा, "झाकणी बोलली का?"

"बोलून बोलून दमली," बाई आतून सांगायच्या. म्हणजे जेवण निवलं, आता जे आहे ते खा.

वसंतातल्या जेवणाची मजा मी पातेल्याच्या वर बसून बघितली आहे. काय असायचं त्यात? कोवळा मटार, मातीतून नुकते उपटलेले बोराएवढे बटाटे, कांद्याची पात, वरून लोण्याचा गोळा. सोबत घरी भाजलेला पाव. मटार सोलायला सगळे टेबलाभोवती बसायचे आणि जेवढे दाणे परातीत पडायचे त्याहून जास्त तोंडात जायचे. बाई रागवायच्या आणि रागावताना स्वतःही दोन दाणे तोंडात टाकायच्या. जेवून झालं की सुतार बाकावरच आडवे व्हायचे आणि कुणी ना कुणी त्यांच्या नाकावर पाकळी ठेवायचं. एवढंच असायचं, पण त्या घराला ते वर्षभर पुरायचं.

वर्षं गेली. ताई लग्न होऊन शहरात गेल्या. धाकटा वडिलांबरोबर सुतारकाम करू लागला आणि त्याची बायको घरात आली. ही सूनबाई शिवणकाम करायची. स्वभावाने लाघवी, पण वाकडं काही तिला खपायचं नाही. दोऱ्याएवढी शिवण तिरकी गेली तरी ती उसवून पुन्हा घालायची. तिला पुढे एक मुलगी झाली. तिची बडबड अखंड चालू असल्यामुळे तिला सगळे चिमणी म्हणू लागले. थोरल्या बाई आता खरोखरच थोरल्या झाल्या. आणि त्यांचे डोळे हळूहळू जायला लागले.

हे घरात कुणालाच कळलं नाही, कारण बाईंनी ते कळू दिलं नाही. आधी सुईत दोरा जाईना. तेव्हा त्या सुनेला म्हणाल्या, "तूच ओवून दे गं, तुझ्या हाताला गुण आहे." सूनबाई खूश झाली. मग डाळीतले खडे दिसेनात. तेव्हा त्यांनी चिमणीला खडे शोधायचा खेळ लावून दिला. डाव कुठल्या खिळ्याला, मीठ कुठल्या फळीवर, हे त्यांनी हाताने पाठ केलं. कुणी डबा इकडचा तिकडे केला की त्या चिडायच्या. "म्हातारपणी आई कटकटी झाली," असं मुलगा म्हणायचा. चुलीवर शिजतंय ते त्यांना आता धुक्यासारखं दिसायचं. पण मी बोलत होते ना. त्या माझ्याकडे कान लावून स्वयंपाक करायच्या आणि त्यांचा रस्सा एकदाही बिघडला नाही.

मला सगळं ठाऊक होतं. झाकून ठेवणं तर माझं कामच. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आम्हा दोघींचं चाललं होतं.

मग हिवाळ्यात ताई भेटायला आल्या आणि त्यांना आईच्या बाहीचा काठ जळलेला दिसला.

"आई, हे काय?"

"ठिणगी उडाली असेल."

"ठिणगीने एवढं जळतं?" ताईंचा आवाज चढला, कारण त्या घाबरल्या होत्या. "हे बघ, पुन्हा असं काही झालं तर मी तुझं काही ऐकणार नाही. सरळ घेऊन जाईन. माझ्याकडे स्वयंपाकाला बाई आहे. तू खुर्चीत बस, आराम कर. पुरे झालं आता चुलीपुढे."

ताईंचं काही चुकलं नव्हतं. आईचा जीव त्यांना प्यारा होता. पण त्या गेल्यावर थोरल्या बाई मला राखेने घासता घासता हळूच म्हणाल्या, "खुर्चीत बसून मी काय करू गं?"  मला फक्त वाफेवर बोलता येतं.

थंडी सरत आली होती. एके दिवशी गल्लीतून आरोळी आली, "पोचे काढतो, कल्हई लावतो." सूनबाईच्या मनात आलं, पुढच्या आठवड्यात ताई आणि जावईबापू वसंताच्या जेवणाला येणार आहेत. आईंची लाडकी झाकणी कशी चेपलेली, काळवंडलेली आहे. नवी करून ठेवावी, आईंना आनंद होईल. बाई शेजारी गेलेल्या बघून तिने मला नेऊन त्या तांबटाच्या हातात दिलं.

"बराच मार खाल्लाय हिने," तांबट म्हणाला आणि कामाला लागला.

मित्रांनो, तुमच्यापासून काय लपवायचं? त्या दिवशी मी हुरळून गेले. त्याने माझा पोचा ठोकून सपाट केला, आत नवी कल्हई चढवली, वरून घासून असं चकचकीत केलं की माझ्यात आभाळ दिसत होतं. पातेल्याकडे मी तुच्छतेने बघितलं. सूनबाईने मला फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलं. ताई आल्यावरच बाहेर काढायचं, असा तिचा बेत होता. मधले दिवस बाई मला शोधत होत्या, तर "कल्हईला दिली आहे, आई," एवढंच तिने सांगितलं. ते अर्धंच खरं होतं. करायला गेलो काय आणि उलटे झाले पाय, हे आम्हा दोघींनाही अजून कळायचं होतं.

खिडकी उघडली. चूल बाहेर आली. ताई आल्या, जावईबापू आले. खाण्यापुढे त्यांना दुसरं काही सुचत नाही, पण माणूस दिलदार आहे. सगळ्यांनी मिळून मटार सोलले. थोरल्या बाईंनी पातेलं चुलीवर चढवलं, हाताच्या अंदाजाने सगळं आत घातलं आणि हात पुढे केला. "झाकणी दे गं."

सूनबाईने फडकं सोडलं. मी उन्हात झळकले. तिने मला बाईंच्या अगदी डोळ्यांसमोर धरलं आणि कौतुकाची वाट बघत उभी राहिली.

"हं, ठेव वर," बाई म्हणाल्या आणि बाकावर जाऊन बसल्या.

सूनबाईचं तोंड एवढंसं झालं. एवढं हौसेने केलं आणि सासूने बघून न बघितल्यासारखं करावं? तिने मला मुकाट्याने पातेल्यावर ठेवलं आणि ती पाव कापायला आत गेली. मलाही राग आला. एवढी नटूनथटून आले, त्याचं काहीच नाही? मी पातेल्यावर चपखल बसले, मला घडवणाऱ्या तांबटाला हवी होते तशी.

खाली उकळी फुटली. मी सवयीने डुगडुगायला गेले, तर मला हलताच येईना. वाफ मला ढकलत होती, पण मी सगळ्या बाजूंनी घट्ट बसले होते. माझं तोंड बंद झालं होतं. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

थोरल्या बाई पाच पावलांवर चुलीकडेच तोंड करून बसल्या होत्या. ताई त्यांना शहरातल्या गमती सांगत होत्या. सुतार, मुलगा आणि जावईबापू चिमणीसाठी झाडाला झोपाळा बांधत होते. वारा बाईंच्या पाठीमागून वाहत होता, त्यामुळे सगळा वास कुंपणापलीकडे जात होता. बाई मधूनच मान तिरकी करून कान देत होत्या आणि पुन्हा गप्पांत सामील होत होत्या. खाली रस्सा आटला. बटाटे बुडाला धरले. मी काय करू? मी चकचकीत होते, सुंदर होते आणि मुकी होते.

मग धूर निघाला. आधी सगळ्यांना तो लाकडांचा वाटला. पण तो काळा झाला आणि माझ्या कडेने बाहेर पडू लागला, तेव्हा झोपाळ्यावरून चिमणी ओरडली, "आजी, करपतंय."

"नाही गं," थोरल्या बाई शांतपणे म्हणाल्या. त्यांचे डोळे सरळ त्या धुराकडे लागले होते. "अजून झाकणी बोलली नाही."

सगळे जिथल्या तिथे थांबले. चिमणी उतरून आजीजवळ आली. "आजी, एवढा धूर तुला दिसत नाही?"

 सुतारांनी धावत जाऊन पातेलं उतरवलं आणि मला चिमट्याने धरून बाजूला टाकलं. आत काळा कोळसा झाला होता. ताई आईसमोर उभ्या राहिल्या. त्यांनी आईच्या डोळ्यांसमोर हळूच हात हलवून बघितला आणि मग त्यांना रडूच आलं.

"कधीपासून, आई? इतके दिवस स्वतःच्या डोळ्यांकडे असा कानाडोळा केलास?"

"कानाडोळाच केला," बाई म्हणाल्या. "डोळा गेला, म्हणून कानाचा डोळा केला."

जावईबापूंना हसू आलं, पण त्यांनी ते खोकल्यात लपवलं. ताई हसल्या नाहीत. "सामान बांधू या. उद्या तू माझ्याबरोबर येणार आहेस. मी सांगितलं होतं तुला."

"सांगितलं होतंस खरं," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजातला जोर गेला होता. "पण ही कशी बोलली नाही, तेवढं मला कळलं पाहिजे. हिने मला कधी फसवलं नाही. कुठे आहे ती?"

मी निवले होते. सुतारांनी मला थोरल्या बाईंच्या मांडीवर ठेवलं. बाईंनी माझ्या काठावरून एक बोट फिरवलं, पूर्ण गोल. पोचा सापडेना. त्यांनी पुन्हा फिरवलं, सावकाश, जणू हरवलेलं काही सापडेलच. आयुष्यात मला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती.

सूनबाई पाव तसाच टाकून बाहेर आली होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आई, पोचा मी काढून घेतला. तुम्हाला आवडेल असं वाटलं. मला काही माहीत नव्हतं हो."

थोरल्या बाईंचं बोट काठावरच थांबलं. "माझ्या झाकणीचं तोंड शिवलंस गं, पोरी," त्या म्हणाल्या. रागाने नाही, थकून म्हणाल्या.

सूनबाईने डोळे पुसले. "शिवण चुकली तर उसवता येते, आई. मी उसवते." तिने मला उचललं आणि सुतारांना विचारलं, "बाबा, पोचा कुठे होता? कशाने पडला होता?"

सुतारांनी पायरी दाखवली. मग पडवीतून लाकडी हातोडा आणून तिच्या हातात दिला. "दगडावर टेकव आणि मार."

"तुम्हीच मारा ना, बाबा."

"मला जमलं असतं, पण उसवायची कुणी ते आत्ता ठरलं."

वाकडी शिवण न खपणाऱ्या त्या सूनबाईने चकचकीत झाकणीवर हातोडा उचलला. पहिला घाव भीत भीत बसला. मला त्याच मापाच्या दुसऱ्या पातेल्यातल्या पाण्यावर ठेवलं, पण मी मुकीच राहिले. दुसरा घाव जोरात बसला आणि मी नुसत्या कोमट पाण्यावरच तडतड करायला लागले.

"ही तर सारखीच बोलते," जावईबापू म्हणाले आणि का कोण जाणे, त्यांनी ताईंकडे बघितलं. आता मात्र ताईंनाही ओठ दाबावे लागले.

सुतारांनी मला जरासं मागे ठोकून घेतलं. सूनबाईने पुन्हा पाण्यावर ठेवलं. सगळं घर पातेल्याभोवती वाकून ऐकत होतं, चिमणीसुद्धा गप्प होती, याची इतिहासात नोंद व्हायला हवी. उकळी फुटली. टक. टक टक. घाव लागले ते लागलेच, मला खूप दुखलं. पण वाफ बाहेर पडली तेव्हा जे सुख झालं, ते चकचकीत होण्यात नव्हतं.

"बोलली," थोरल्या बाई म्हणाल्या. मग लेकीकडे तोंड वळवून म्हणाल्या, "पोटात कावळे ओरडतायत सगळ्यांच्या. एकदा करून दाखवते. जमलं नाही तर उद्या मुकाट्याने गाडीत बसेन."

पुन्हा मटार सोलले. या वेळी तोंडात कुणी दाणा टाकला नाही. जावईबापूंनी टाकला, पण एकच. ताई चुलीच्या अगदी जवळ, आईला कधीही मागे ओढता येईल अशा बसल्या. बाईंनी बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या, सगळं पातेल्यात घातलं आणि मला वर ठेवलं. मी भरभर बोलले. मग माझा आवाज जड व्हायला लागला. पण मित्रांनो, पोचा नवा होता. तो जुन्या जागी होता, तरी जुना नव्हता. माझा आवाज बदलला होता. बाईंनी मान तिरकी केली. हात पुढे केला, मागे घेतला. त्या चाचपडत होत्या.

मला वाटलं, आता संपलं. त्या अंदाजाने काहीतरी करतील आणि नेहमीसारखं लपवून नेतील.

"ताई," थोरल्या बाई म्हणाल्या, "हिचा आवाज मला अजून नीट कळत नाही. जरा झाकणी उचल आणि मला सांग, आत कसं दिसतंय."

इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदा कुणाला तरी 'मला सांग' म्हटलं होतं. ताई गडबडून उठल्या. मला उचलून त्यांनी आत बघितलं. "मटार हिरवेगार आहेत. रस्सा अजून पातळ आहे."

"ठेव परत." मी बोलत राहिले. थोड्या वेळाने बाई म्हणाल्या, "आता?"

"आता दाट झालाय. कडेने बुडबुडे मोठे येतायत."

"मग हाच आवाज. लक्षात ठेवते." त्यांनी फडकं घेऊन पातेलं उतरवलं, सरळ आणि न सांडता.

जेवताना कुणी फार बोललं नाही, कारण सगळे ताव मारत होते. शेवटी ताईंनी चमचा खाली ठेवला. "पण मी नसताना तुला कोण सांगणार?"

"मी आहे की," सूनबाई म्हणाली.

"आणि मी," चिमणी म्हणाली. "मला तर न विचारता पण सांगता येतं."

"दिसत नाही हे आता सगळ्यांना माहीत आहे," थोरल्या बाई म्हणाल्या. "इतकी वर्षं मी दोन कामं करत होते, स्वयंपाक आणि लपवालपवी. एक सुटलं. आता नुसता स्वयंपाक राहिला, तो जमेल मला."

ताईंनी अटी घातल्याच. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं, बाह्या आखूड शिवायच्या, चूल पेटली की कुणीतरी हाकेच्या अंतरावर हवं. बाईंनी सगळ्या मान्य केल्या. डॉक्टरांनी पुढे एका डोळ्याचं थोडंसं परत आणलं, बाकीचं गेलं ते गेलं. ताई दुसऱ्या दिवशी एकट्याच शहरात परतल्या. जाताना त्यांनी टाळूला जीभ लावून माझा नवा आवाज काढून बघितला. जमला नाही, तेव्हा पुन्हा यावं लागेल म्हणाल्या.

त्यानंतरच्या एका दुपारी सासू-सून अंगणात बसल्या होत्या. मी बाईंच्या मांडीवर होते. पोच्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "काय गं, तू हिला चकचकीत केली होतीस, तेव्हा ही दिसत कशी होती?"

सूनबाईने शिवण खाली ठेवली. "आरशासारखी दिसत होती, आई. मी तुमच्यासमोर धरली तेव्हा तिच्यात वरची सगळी पांढरी फुलं दिसत होती. आणि मधोमध तुमचा चेहरा."

"असं?" थोरल्या बाई म्हणाल्या आणि बराच वेळ हसऱ्या चेहऱ्याने बसून राहिल्या. "मग छानच केली होतीस."

मित्रांनो, हे ऐकून मला जे वाटलं ते सांगता येण्यासारखं नाही. तुम्हाला माझी एवढीच विनंती आहे. कुणाचा पोचा काढावासा वाटला, तर जरूर काढा, पण आधी त्याला विचारा. तो त्याच्या कामाचा असू शकतो. आणि तुमचं स्वतःचं काही दुखत असेल, दिसत नसेल, जमत नसेल, तर ते माझ्यासारख्या एखाद्या झाकणीलाच तेवढं सांगू नका. घरातल्या माणसांना सांगा. ती घाबरतात, रडतात, भांडतात, पण शेवटी जवळ येऊन बसतात.

आता मला गप्पा आवरायला हव्यात. खाली उकळी फुटते आहे, आणि थोरल्या बाई माझ्याकडे कान लावून बसल्या आहेत.